लायब्ररी, नग एक

देवास,
मंगळवार, ९ फेब्रुवारी १९८८

तीर्थस्वरूप तात्यांच्या चरणी शशिकलेचा नमस्कार.

तुमचं कार्ड काल पोचलं. गुडघा कसा आहे? अमझेऱ्याच्या वैद्यानं दिलेलं तेल चोळता की बाटली कोनाड्यात ठेवून नुसतेच तिच्याकडे पाहता? माईचा खोकला थांबला का? (तिला विचारू नका, ती थांबला म्हणेल. शेजारच्या खोलीत बसून कान द्या.) इकडे ताईकडे सगळी खुशाल आहेत. मी खुशाल नाही. मी इतकी संतापलेली आहे की शनिवारपासून ताईनं मला पोळ्या लाटायला बसू दिलेलं नाही, कारण पोलपाटाचा एक पाय गेला. आज कारखान्यात हजेरी लावली, एका अक्षरानं कुणाशी बोलले नाही, आणि आता जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या बाकावर बसून हे पत्र लिहिते आहे. सुट्टी संपली तरी लिहीत राहणार आहे. बघू कोण उठवतो.

तुमच्या कार्डावर दोनच ओळी आहेत. ‘शनिवारी सत्यनारायण यथासांग झाला. तुझे पान वाढून ठेवले होते.’ तात्या, चाळीस वर्षं कचेरीत काढल्यावर माणसाला दोन ओळींत कसं पुरावं हे तुम्हाला बरोबर साधलं आहे. मी ते कार्ड चार वेळा वाचलं आणि चारही वेळा जेवण गेलं नाही. मी का आले नाही, आणि निरोपही का धाडला नाही, ते आता सविस्तर सांगते. चष्मा लावा. माई शेजारी असेल तर तिला मोठ्यानं वाचून दाखवा, मात्र मी सही केली आहे तिथंच थांबा. पुढचं एकट्यानं वाचा.

आधी आमचं काम. आमचा कारखाना गिअर बनवतो, दातांची चाकं. त्या दातांचं गणित करायला तीन वर्षांपूर्वी एक कॉम्प्युटर घेतला. तो विभाग म्हणजे मी, एक रिकामी खुर्ची (तिच्यावरचे गृहस्थ भोपाळला निघून गेले) आणि आमचे मॅनेजर मानाजीराव तोडकर. तोडकर साहेब रोज सकाळी कॉम्प्युटरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसतात. त्यापलीकडे त्याला हात लावत नाहीत. गेलं वर्षभर मी गिअरच्या गणिताचा एक मोठा प्रोग्रॅम लिहिते आहे. शनिवारी, सहा तारखेला, ट्रॅक्टर बनवणाऱ्या एका कंपनीचे लोक तो बघायला येणार होते. त्यांना पसंत पडला तर त्यांचे गिअर आमच्याकडे आणि आमचा विभाग कायम. नाही पडला तर कॉम्प्युटरवर चादर, आणि मी परत स्टोअरमध्ये, नटबोल्टांच्या याद्या करायला. हे तोडकर साहेबांनी मला जानेवारीत सांगितलं, हसत हसत, जणू संक्रांतीचा तिळगूळ देताहेत.

आता नीट ऐका, कारण सगळं इथंच अडलं. माझ्या प्रोग्रॅमचे तेवीस तुकडे आहेत. मशीन एकेक तुकडा आपल्या भाषेत उतरवतं आणि शेवटी सगळे जोडून एक करतं. कोणता तुकडा आधी, कोणता नंतर, कशाला काय जोडायचं आणि ते कुठून आणायचं, हे सगळं एका फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. तिचं नाव मेकफाइल. आता दातावर भार किती येईल आणि तो किती वर्षं टिकेल हे गणित फार किचकट, ते आम्ही लिहिलेलं नाही. इंदूरच्या एका कंपनीनं ते लिहून, तपासून तयार ठेवलं आहे. ते त्यांच्याकडून घ्यायचं आणि आपल्या तुकड्यांना जोडायचं. अशा तयार गणितांच्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. (का म्हणतात ते विचारू नका. हे नाव ठेवणारा माणूस कधी धारला आला तर त्याला माझ्या येण्यापर्यंत बसवून ठेवा.) आणि मशीनला सांगावं लागतं की ही लायब्ररी अमुक डिरेक्टरीत, म्हणजे अमुक खणात, आहे. नाही सांगितलं तर ते आपल्या नेहमीच्या दोन खणांत बघतं आणि ‘सापडत नाही’ म्हणून बसून राहतं. तिसऱ्या खणात आपण होऊन डोकावणार नाही.

तर मशीनचं सोडा, ही लायब्ररी आधी माणसांनाच सापडेना. इंदूरहून ती एका टेपवर येणार होती, तळहाताएवढी प्लास्टिकची डबी असते. मी आठ दिवस वाट पाहिली. इंदूरला फोन केला तर तिकडचे शपथ घेऊन सांगतात की टेप अकरा तारखेलाच पोचली आहे. शेवटी मी गेटवर जाऊन आवकचं रजिस्टर उघडलं. त्यात स्वच्छ अक्षरात नोंद: ‘लायब्ररी, नग एक. कामगार वाचनालयाकडे रवाना.’

पाकिटावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात लायब्ररी लिहिलेलं होतं ना! कँटीनच्या मागे कामगारांचं वाचनालय आहे, तिथं खंडोजी बसतात. सोनकच्छहून रोज बसनं येतात, आणि आल्या आल्या सगळी कपाटं एकदा उघडून परत कुलूप लावतात. मी धावतच गेले.

“खंडोजी, माझी टेप आलीय का इथं?”

“टेप नी आई, बई. किताब आई है. जरा छोटी है,” खंडोजी म्हणाले आणि त्यांनी मला रजिस्टर दाखवलं. दाखल क्रमांक बाराशे सात. पुस्तकाचं नाव: लायब्ररी. लेखक: अज्ञात. पानं: उघडत नाहीत.

तात्या, त्यांनी तिच्यावर वाचनालयाचे तीन शिक्के मारले होते. एक पुढे, एक मागे, आणि नियमाप्रमाणे एक गुप्त पानावर मारायचा असतो; गुप्त पान सापडलं नाही म्हणून डबीच्या फटीत, जिथून टेपची पट्टी दिसते तिथं. मी म्हटलं, “खंडोजी, अहो ही वाचायची वस्तू नाही.”

“तो फिर वाचनालय में क्यों आई?”

याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा. पुढे ते म्हणाले की सभासद झाल्याशिवाय पुस्तक नेता येणार नाही, आणि सभासदत्वाच्या अर्जावर विभागप्रमुखाची सही लागते. विभागप्रमुख म्हणजे तोडकर साहेब, ते मेहुणीच्या लग्नाला सांगलीला. चार दिवस मी रोज कुलूपबंद कपाटाच्या काचेतून माझी लायब्ररी बघून येत असे, कुणी दवाखान्यात असावं तशी. तेवीस तारखेला सही झाली आणि खंडोजींनी टेप माझ्या नावावर दिली, चौदा दिवसांच्या बोलीवर. मी त्यांच्यावर फार ओरडले. आज वाटतं की उगाच ओरडले. या सगळ्या प्रकरणात वस्तू कुठे आहे ते विचारल्यावर लगेच आणि बरोबर सांगणारा तो एकच माणूस निघाला.

(फटीतला शिक्का मी स्पिरिटनं पुसला. पट्टीला काही झालं नव्हतं. बाकीचे दोन आहेत तसेच आहेत.)

आता अरविंद. अरविंद हा इंदूरच्या कंपनीचा माणूस, त्यांच्या वस्तू कारखान्या-कारखान्यांत बसवून देतो. सडपातळ, खांद्याला पिशवी, बसचं वेळापत्रक तोंडपाठ. घर मराठी, पण शाळा हिंदी, त्यामुळे त्याचं मराठी म्हणजे हिंदीला नेसवलेलं लुगडं. अठ्ठावीस तारखेला, गुरुवारी, तो आला, टेप घेतली, मला कँटीनमधून चहा घेऊन यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात काम उरकलं आणि पिशवी खांद्याला लावत म्हणाला, “मॅडम, मी लायब्ररी टाकून दिली.”

माझ्या हातातून कप निसटला. “टाकून दिली? कुठे?”

“अरे, मशीनमध्ये! टाकून दिली म्हणजे डाल दी ना. आता तुमचं काम चालू पडून जाईल.”

आणि गेला. त्याला बस होती. मी मशीनला प्रोग्रॅम जोडायला सांगितलं. आमच्या मशीनला नुसत्या जोडणीलाच वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटांनी उत्तर आलं: लायब्ररी सापडत नाही. मग मी ती शोधायला लागले. डिरेक्टरीमागून डिरेक्टरी, खणामागून खण. सापडली कुठे, तर अरविंदच्या नावाच्या खणात, त्याच्या आत ‘कचरा’ नावाचा खण, त्या कचऱ्यात ‘नवा’ नावाचा खण, त्यात! म्हणजे त्यानं खरोखरच टाकून दिली होती. मी तो सगळा पत्ता मेकफाइलमध्ये लिहिला आणि पुन्हा जोडायला लावलं. वीस मिनिटं. सापडत नाही. पत्त्यातलं एकेक अक्षर तपासलं. वीस मिनिटं. सापडत नाही. तीन दिवसांत अकरा वेळा जोडणी केली आणि अकरा वेळा तेच. वस्तू तिथं आहे, पत्ता तिथला आहे, आणि मशीन म्हणतंय नाही! मी त्याला मराठीत, हिंदीत आणि शेवटी तुमच्या ठेवणीतल्या शब्दांत बोलले. (कोणत्या ते माईसमोर लिहीत नाही.) लायब्ररी उचलून मशीनच्या नेहमीच्या खणात ठेवावी म्हटलं, तर त्या खणांचा पासवर्ड इंदूरकरांकडे. इंदूरला ट्रंक कॉल लावला, अरविंद पिथमपूरला. पिथमपूरला लावला, तो महूला गेलेला. तोडकर साहेब दर तासाला येऊन विचारत, “सापडली का?” जणू मीच ती हरवली होती.

चार तारखेला, गुरुवारी, दुपारी तीनला अरविंद पुन्हा उगवला. साडेचारची बस. काही न विचारता, मेकफाइल न उघडता, त्यानं पिशवीतून एक टेप काढली आणि तिच्यातली लायब्ररी सरळ मशीनच्या नेहमीच्या खणात उतरवली. “हो गया, मॅडम. आता न सापडून जाते कुठे!” आम्ही जोडणी लावली. वीस मिनिटांनी मशीन काहीच बोललं नाही. ते काही बोललं नाही म्हणजे सगळं ठीक असतं. तात्या, मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, पाठ करून. अरविंदनं घड्याळ बघितलं आणि पळत सुटला.

मी एवढ्यावर थांबले असते तर शनिवारी तुमच्या पंगतीत असते. पण शुक्रवारी सकाळी मी विठोबा मिस्त्रींना बोलावलं. गिअर कापण्याच्या खात्यातले सर्वांत जुने कारागीर. दातावरून बोट फिरवून त्याचं वय सांगतात. मी त्यांना म्हटलं, तुमच्या माहितीतला एखादा गिअर सांगा, मशीन काय म्हणतं बघू. त्यांनी त्यांच्याच खात्यातल्या क्रेनच्या गिअरची मापं दिली. मशीननं हिशेब केला आणि सांगितलं की हा गिअर तीन महिन्यांत तुटेल.

विठोबा मिस्त्रींनी कागद लांब धरून वाचला. “बाई, तो गिअर अकरा वर्षं फिरतोय,” ते म्हणाले. “त्याला कुणी कळवलं नाही वाटतं.”

मी तो कागद घेऊन तोडकर साहेबांकडे गेले. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि खिशात घातला. “कॉम्प्युटर चुकत नाही, शशिकलाबाई. मापं चुकली असतील. उद्या हा गिअर दाखवायचा नाही, दुसरा दाखवू.” मग टेबलावरून एक कागद माझ्यापुढे सरकवला: ‘प्रोग्रॅम तपासला, अचूक आढळला.’ खाली माझं नाव टाइप केलेलं, वर सहीपुरती जागा.

“मी सही करणार नाही,” मी म्हटलं.

“का?”

“अचूक नाही म्हणून.”

ते खुर्चीत मागे रेलले. आवाज अगदी गोड केला. “तुमच्या घरी उद्या सत्यनारायण आहे ना? मग तुम्ही सुट्टी घ्या. आरामात धारला जा. इथं अरविंद बघून घेईल. आणि सोमवारी आलात की स्टोअरमध्ये भेटा, तिथं माणूस कमी आहे.”

तात्या, मी शनिवारी पहाटे उठून आंघोळ करून निघाले होते, हे खरं आहे. माईला हवी ती वेलची पिशवीत होती. इंदूरची बस लागलेली होती, खिडकीची जागाही मिळाली होती. तिथं बसल्या बसल्या समोर एक ट्रॅक्टर उभा दिसला, दोन बायका आणि चार पोरं मागच्या ट्रॉलीत चढत होती. माझ्या डोक्यात आलं की आमच्या प्रोग्रॅमनं काढलेला गिअर यात बसला, आणि चढावर दात गेला, तर. चांगल्या गिअरला जे मशीन तीन महिन्यांत तुटेल म्हणतं, ते उद्या तुटक्याला चांगलं म्हणणार नाही कशावरून? कंडक्टरनं घंटी मारली. मी पुढच्या चौकात उतरले. तो म्हणाला, “बेनजी, इंदौर तो अभी आया नी.” मी म्हटलं, “मला ठाऊक आहे.” निरोप पाठवायचं सुचलंच नाही. तेवढ्यापुरती तुमची क्षमा मागते. उतरल्याबद्दल मागत नाही.

मी पोचले तेव्हा ट्रॅक्टरवाल्यांचे तिघे जण मशीनसमोर बसले होते आणि अरविंद त्यांना भराभर आकडे दाखवत होता. मला दारात पाहून तोडकर साहेबांचा रुमाल मशीनवरच थांबला. मी नमस्कार केला आणि म्हटलं, “एक गिअर राहिला. आमच्या क्रेनचा.” तोडकर साहेब म्हणाले, वेळ नाही. पाहुण्यांतले थोरले, टक्कल पडलेले, फारसं न बोलणारे गृहस्थ होते, ते म्हणाले, “वेळ आहे.” मी मापं भरली. तीन महिने. मग मी त्यांना विठोबा मिस्त्रींच्या खात्यात नेलं आणि डोक्यावर फिरणारी क्रेन दाखवली. “किती वर्षं?” त्यांनी विचारलं. विठोबांनी दोन्ही हातांची बोटं दाखवली आणि वर एक.

आम्ही मशीनच्या खोलीत परत आलो. थोरल्यांनी विचारलं, “मग चूक कुठे आहे?”

अरविंद म्हणाला, “सर, मेकफाइलमध्ये असेल. ती मॅडम बघतात.”

तात्या, तेव्हा माझ्या अंगाचा जो भडका उडाला! मी त्याला खुर्चीवरून उठवलं आणि मशीनला विचारलं, या नावाच्या लायब्ररी तुझ्याकडे किती आहेत? दोन निघाल्या. एक कचऱ्यातली, अठ्ठ्याऐंशी सालची. दुसरी नेहमीच्या खणातली, शहाऐंशी सालची, आकारानं जेमतेम निम्मी. म्हणजे परवा घाईत या शहाण्यानं पिशवीतून जी टेप काढली ती दोन वर्षांपूर्वीची नमुन्याची होती, अर्धवट गणिताची! नाव तेच, म्हणून मशीननं नेहमीच्या खणात हात घातला, हाताला लागली ती घेतली आणि समाधानानं जोडून दिली. मी अरविंदला म्हटलं, “ही काढ.” त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्यानं पासवर्ड भरला आणि जुनी लायब्ररी काढून टाकली. पुन्हा जोडणी लावली. वीस मिनिटं कुणी कुणाकडे बघितलं नाही. आणि उत्तर आलं: लायब्ररी सापडत नाही.

तोडकर साहेब खोकले. तो खोकला नव्हता, तात्या. तो आनंद होता.

अरविंदनं मेकफाइल उघडली, वाकून बघितली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. “मॅडम, तुम्हीच एकदा बघून घ्या,” असं हळूच म्हणाला. मी मेकफाइल दुरुस्त केली. पुन्हा वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत चहा आला, पोहे आले, आणि हातात चिठ्ठी घेऊन खंडोजी आले. “बई, आज चौदवां दिन है. किताब?” पाहुण्यांना आधी कळेना, मग मी टेपवरचे शिक्के दाखवले तेव्हा ते थोरले गृहस्थ असे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी मात्र हसले नाही. मी टेप परत केली आणि रजिस्टरात सही केली. खंडोजी म्हणाले, “कैसी थी?” मी म्हटलं, “शेवट अजून व्हायचाय.”

मशीन काही न बोलता थांबलं. मी क्रेनचा गिअर भरला. उत्तर आलं तेरा वर्षं. विठोबा मिस्त्रींनी कागद वाचला आणि मान हलवली. “आता माणसासारखं बोलतंय. अजून दोन वर्षं मी बघून घेईन.”

पाहुण्यांना प्रोग्रॅम पसंत पडला. थोरल्यांनी विचारलं, “ही चूक शोधली कुणी?” आणि तोडकर साहेब म्हणाले, “आमच्या विभागानं!” हार एकच आणला होता, तो अरविंदच्या गळ्यात पडला. (तो मान खाली घालून उभा होता, हे खरं. पण हार होता.) आणि काल सकाळी सूचनाफलकावर अभिनंदनाचा कागद लागला, तो मी उभी राहून अक्षर अन् अक्षर वाचला. ‘श्री. मानाजीराव तोडकर यांच्या मार्गदर्शनाखाली गिअर-गणित प्रकल्प यशस्वी. विशेष साहाय्य: श्री. अरविंद. टंकलेखन: कु. शशिकला.’

टंकलेखन, तात्या! एक वर्ष! तेवीस तुकडे! तो कागद तिथं आता नाही. कुठे गेला ते मला विचारू नये.

तर माझं पान रिकामं का राहिलं ते हे असं. आता तुम्ही म्हणाल की एवढा संताप बाईमाणसाला बरा नाही. मी म्हणेन की एवढ्यावरही जो संतापत नाही त्याला वैद्याला दाखवावं. माईला नमस्कार. गुडघ्याला तेल.

तुमची,
शशिकला

ता. क. हे एकट्यानं वाचा. वर मी ‘मेकफाइल दुरुस्त केली’ असं एका ओळीत उरकलं आहे. ती दुरुस्ती काय होती ते कुणालाच सांगितलेलं नाही. मशीनला आधी खणाचा पत्ता सांगायचा असतो आणि मग लायब्ररीचं नाव. मी आधी नाव लिहिलं होतं आणि मग पत्ता. नाव वाचताच ते नेहमीच्या खणांत शोधून मोकळं होतं. पत्त्यापर्यंत पोचतच नव्हतं. अकरा वेळा मी अक्षरं तपासली, क्रम तपासला नाही. मी पहिल्या दिवशी ते नीट लिहिलं असतं तर लायब्ररी कचऱ्यातूनही सापडली असती, अरविंदला दुसऱ्यांदा यावं लागलं नसतं, आणि जुनी टेप त्याच्या पिशवीतच राहिली असती. आणि तात्या, अरविंदनं ते पाहिलं. मेकफाइलवर वाकला तेव्हा एका नजरेत त्याच्या लक्षात आलं, म्हणून तर त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या तिघांसमोर एक वाक्य बोलला असता तर सगळं माझ्यावर आलं असतं. त्यानं खुर्ची सरकवली. मी त्याला अजून धन्यवादही म्हटलेलं नाही. मला फार राग येतो आहे, आणि तो कुणावर येतो आहे ते आता तुम्हाला कळलं असेल.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहायला घेतलं. काल दुपारी अरविंदच्या मालकांचा इंदूरहून फोन आला. पिथमपूरला नवे कारखाने उघडताहेत, त्यांना ही लायब्ररी बसवून द्यायला आणि बसवल्यावर तपासायला माणूस हवा आहे, आणि अरविंदनं त्यांना माझं नाव सांगितलं. एक मार्चपासून. म्हणजे पिशवी खांद्याला लावून बसच्या वेळा पाठ करत कारखान्या-कारखान्यांत लायब्ऱ्या टाकून देणारी मी! राहायला इंदूरला बायकांचं वसतिगृह. देवासला ताई आहे म्हणून माई गप्प आहे. इंदूरला एकटी राहते म्हटलं तर ती आधी रडेल आणि मग चार दिवस बोलणार नाही. तिला तुमच्याशिवाय कुणी पटवू शकत नाही. तुम्ही ‘जाऊ द्या पोरीला’ एवढे तीन शब्द म्हणालात तरी पुरे. (तुम्ही म्हणण्याआधीच सांगते: तसं काही नाही. अरविंदला दोन मुली आहेत, आणि त्याची बायको मला भेटली आहे; मला ती त्याच्यापेक्षा आवडली.)

ता. क. तिसरा. विचार करून सावकाश कळवा असं लिहिणार होते, पण राजीनामा आज सकाळीच देऊन आले. मनात वाक्य तयार केलं होतं, त्या सूचनाफलकाबद्दल, फार कडक होतं. तोडकर साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “मग आता मेकफाइल कोण बघणार?” तात्या, सहा महिने रोज सांगूनही त्या माणसानं त्या फाइलचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. मला एकदम रडू आलं. कडक वाक्य राहूनच गेलं. हे माईला सांगितलंत तरी चालेल.